जैन फलाफल : मेनूकार्डावरचा शब्द आणि घरची कढई

सदर : आहारविवेक



उपाहारगृहांच्या मेनूकार्डावर ‘जैन’ हा शब्द आता सर्रास आढळतो. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, आणि अलीकडे जैन फलाफल. तो वाचून घरातील तरुण मंडळी निश्चिंत होतात आणि ज्येष्ठ मंडळी गप्प बसतात. या शब्दाने नेमकी कशाची हमी दिली, हे मात्र कोणीच विचारीत नाही. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ एवढाच असतो, की त्या पदार्थात कांदा, लसूण आणि बटाटा घातलेला नाही. पोत्यावरची चिठ्ठी वेगळी आणि पोत्यातील माल वेगळा असू शकतो, हे व्यापारी घरातील माणसाला सांगावे लागत नाही. चण्याचा सौदा करताना आपण मूठभर दाणे हातावर घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. ताटात येणाऱ्या पदार्थाला तेवढी पारख का लावू नये?

या अंकात फलाफलाची अशी पारख करावयाची आहे. हा पदार्थ मुळात काय आहे, उपाहारगृहातील फलाफल आपल्या आहारनियमांना कोठे कोठे अडते, घरी तो निर्दोष कसा करावा आणि त्यातून शरीराला काय मिळते, असा क्रम ठेवला आहे. आधीच सांगितलेले बरे, की फलाफल हा आपल्याला परका पदार्थ नाही. ज्या घरात बरबटीचे वडे होतात, त्या घराला त्याची अर्धी कृती येतेच.

मूळ पदार्थ

फलाफल म्हणजे भिजविलेले कडधान्य न शिजविता भरड वाटून, त्यात हिरवा पाला व मसाला घालून तळलेली लहान गोळी. इजिप्तमध्ये ती सोललेल्या बाकल्याची करतात आणि तिला ‘ताअमिया’ म्हणतात. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाईन व इस्रायल या भागांत ती काबुली चण्याची होते. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातील अनेक दिवस मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य करतात. त्या व्रतकाळात बाकला आणि ताअमिया हा त्यांचा नेहमीचा आधार असतो. म्हणजे ज्या पदार्थाकडे आपण परदेशी चैन म्हणून पाहतो, तो त्याच्या मूळ देशात संयमाच्या दिवसांचेही अन्न आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. विदर्भात चवळीला बरबटी म्हणतात. बरबटी भिजवावी, जाडसर वाटावी, त्यात हिरवी मिरची, जिरे आणि भरपूर कोथिंबीर, म्हणजे नागपूरकडील भाषेत सांबार, घालून लहान वडे तळावेत, ही रीत कन्हान, कामठी, पारशिवनी, रामटेक या पट्ट्यातील घरांना नवी नाही. बरबटीच्या जागी काबुली चणे घेतले, मसाल्यात धने वाढविले आणि सोबत तिळाची पातळ चटणी दिली, की फलाफल झाले. फरक आहे तो धान्याचा आणि सोबतीचा, हाताच्या कामाचा नाही.

काबुली चणाही दुरून आणावा लागत नाही. महाराष्ट्र हे हरभरा पिकविणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काबुली हरभऱ्याचे ‘पीकेव्ही काबुली-२’ हे वाण विदर्भाच्या शेतकऱ्यांना दिले. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत हा माल रोज तोलला जातो.

विचारावयाचे पाच प्रश्न

उपाहारगृहातील ‘जैन फलाफल’ समोर आले, तर पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न गोळीविषयी. मूळ कृतीत कांदा आणि लसूण दोन्ही असतात. बहुतेक ठिकाणी पीठ सकाळीच एकत्र मळून ठेवलेले असते, मग ‘जैन’ मागणी आल्यावर त्यातून कांदा काढणार कसा? तयार मिळणाऱ्या फलाफलाच्या पिठात वाळविलेल्या कांद्याची व लसणाची पूड अनेकदा असते. पाकिटावरील हिरवा ठिपका तो पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कंदमुळाविषयी तो काहीच बोलत नाही. म्हणून पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी.

दुसरा प्रश्न भिजवणीविषयी. चणे केव्हा भिजविले आणि वाटलेले पीठ किती वेळ ठेवले? ओले पीठ रात्र ओलांडून गेले, तर आपल्या परंपरेत ते वासी ठरते. शीतकपाटात ठेवल्याने काळाची मर्यादा बदलत नाही. काही ठिकाणी चण्यांना मोड आणून फलाफल करतात आणि ते अधिक पौष्टिक म्हणून सांगतात. अंकुरित धान्य अनंतकाय मानून वर्ज्य करणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत.

तिसरा प्रश्न सोबतच्या चटणीविषयी, आणि हाच सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. आपल्याकडील उपाहारगृहे फलाफलासोबत पुष्कळदा दह्याचा सॉस देतात. चणा हे दोन दळे होणारे धान्य. त्याचा कच्च्या दह्याशी किंवा ताकाशी संयोग झाला, की द्विदल दोष होतो. श्वेतांबर घरांत याला विदळ म्हणतात. या संयोगात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, असे आपले शास्त्र सांगते. म्हणजे कांदा-लसूण नसलेले फलाफलही दह्यात बुडविताच अभक्ष्य होते, आणि मेनूकार्डावरील ‘जैन’ शब्द मात्र तसाच राहतो. पांढरा घट्ट सॉस दिसला, तर तो मेयोनीज असू शकतो. मूळ मेयोनीज अंड्याचे असते. हुम्मस आणि ‘तूम’ या नावाच्या पांढऱ्या चटणीत लसूण असतो. तूम तर लसणाचीच केलेली असते.

चौथा प्रश्न पिटा रोटीचा आणि लोणच्याचा. पिटा खमिराने फुगविलेली असते. सोबत दिसणाऱ्या गुलाबी फोडी सलगमाच्या असतात आणि त्यांना रंग बीटाने आलेला असतो. दोन्ही कंदमुळेच.

पाचवा प्रश्न तेलाचा आणि वेळेचा. ज्या कढईत कांदाभजी तळली, त्याच तेलात ‘जैन’ गोळ्या तळल्या जात नाहीत ना? शिवाय तेच तेल पुनःपुन्हा तापविले, तर त्यात आरोग्याला अपायकारक घटक वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. तिच्यापुढे गेलेले तेल वापरता येत नाही. परंतु गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी मोजता येत नाही. काळपट रंग, फेस आणि खवट वास एवढ्याच खुणा त्याच्या हाती असतात. आणि ही सर्व खात्री पटली, तरी घड्याळात रात्रीचे आठ वाजलेले असतात. सूर्यास्तानंतर आहार न घेणाऱ्याला त्या खात्रीचा उपयोग काय?

हे प्रश्न उपाहारगृहाच्या मालकाला दोष देण्यासाठी लिहिलेले नाहीत. त्याला आपले नियम ठाऊक असावेत, ही अपेक्षा जास्त आहे. ते आपल्या मुलांना ठाऊक असावेत, ही अपेक्षा मात्र वाजवी आहे. कन्हानहून नागपूर जवळ. मुले शिक्षणासाठी रोज ये-जा करतात, काही पुढे पुण्याला, बंगळुरूला जातात. त्यांना आपण लहानपणापासून ‘हे चालत नाही’ एवढेच सांगितले. का चालत नाही, हे सांगितले नाही. ज्याला कांद्याचे कारण कळले नाही, त्याला दह्याचे कारण सुचणारच नाही. तो ‘जैन’ शब्द वाचतो, समाधानाने खातो आणि घरी आल्यावर त्याविषयी बोलत नाही. आहाराविषयी घरात न बोलण्याची ही सवय एकदा लागली, की पुढे बाकीच्या गोष्टीही बोलल्या जात नाहीत. म्हणून ज्या पदार्थाची मुलांना ओढ आहे, तो एकदा त्यांच्यासह घरच्या कढईत करावा. वाटता-तळता नियमांची कारणे आपोआप बोलण्यात येतात, आणि उपदेश ऐकल्यासारखे कोणाला वाटत नाही.

घरचे फलाफल : साहित्य

पाच-सहा जणांसाठी, सुमारे २८ ते ३० गोळ्या :

काबुली चणे २५० ग्रॅम. कोवळ्या देठांसह बारीक चिरलेला सांबार दोन वाट्या. पुदिन्याची पाने अर्धी वाटी. हिरव्या मिरच्या तीन. धने एक मोठा चमचा. जिरे दोन लहान चमचे. काळे मिरे आठ-दहा. हिंग अर्धा लहान चमचा. सुंठपूड पाव लहान चमचा. पांढरे तीळ दोन मोठे चमचे. मीठ सुमारे सव्वा लहान चमचा. खाण्याचा सोडा पाव लहान चमचा. लागलेच तर बेसन दोन मोठे चमचे. तळण्यासाठी शेंगदाण्याचे तेल.

कांदा-लसणाशिवाय चव येईल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कांदा-लसणाचा उग्र गंध त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. हिंगातही गंधकयुक्त द्रव्ये असतात, म्हणून चिमूटभर हिंग ती उणीव बरीचशी भरून काढतो. कांद्यामुळे मिळणारा ओलावा सांबाराच्या कोवळ्या देठांतून मिळतो, त्यामुळे देठ टाकू नयेत.

कृती

चणे ताटात पसरून एकेक पाहून निवडावेत. ज्या दाण्यावर बारीक गोल छिद्र आहे किंवा पांढरे ठिपके चिकटलेले आहेत, त्यात किडीचा वास असतो. असे दाणे बाजूला काढावेत. सांबार व पुदिना उजेडात निवडून गाळलेल्या पाण्याने धुवावा आणि कापडावर पूर्ण कोरडा करावा. पाला ओला राहिला, तर गोळी सुटते.

आता भिजवण. सामान्यतः चणे रात्रभर भिजवितात. ज्या घरांत रात्री भिजविलेले चालत नाही, त्यांनी सूर्योदयानंतर, साधारण सात वाजता, हाताला सोसेल इतक्या गरम, गाळलेल्या पाण्यात चणे घालून झाकून ठेवावेत. उकळते पाणी घालू नये. त्याने दाण्याचे बाहेरील पिष्ट शिजू लागते. सहा तासांत दाणा फुगून वजनाने जवळजवळ दुप्पट होतो. एक दाणा मधोमध कापून पाहावा. आत पांढरा, कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे भिजवण पुरी झाली. भिजविलेले पाणी टाकून द्यावे. पोटात वायू करणाऱ्या शर्करांचा काही अंश त्याबरोबर निघून जातो.

वेळ कमी असेल, तर काबुली चण्याऐवजी हरभऱ्याची डाळ घ्यावी. ती तीन तासांत भिजते. गोळी थोडी अधिक खुसखुशीत होते, चव आपल्या डाळवड्याकडे झुकते.

चणे चाळणीत निथळून कापडावर अर्धा तास पसरावेत. धने, जिरे, मिरे कोरडे भाजून जाडसर कुटावेत. चणे, मिरच्या, सांबार, पुदिना मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरवावे. पाण्याचा थेंबही घालू नये. वाटण जाड रव्यासारखे हवे. मुठीत दाबले, तर गोळा राहावा आणि बोटाने दाबताच फुटावा. फार बारीक वाटले, तर गोळी आतून गच्च होते. फार जाड ठेवले, तर तेलात विखुरते.

येथे एक चूक बहुधा होते. वेळ वाचविण्यासाठी शिजविलेले छोले वापरले जातात आणि गोळ्या तेलात फुटतात. कारण सोपे आहे. भिजविलेल्या कच्च्या चण्यातील पिष्ट तेलाच्या उष्णतेने शिजते आणि शिजताना गोळीला बांधून धरते. छोल्यातील पिष्ट आधीच शिजून पाणी पिऊन बसलेले असते. त्याच्यात बांधण्याची शक्ती उरत नाही, मग बेसनाचा भार वाढवावा लागतो आणि फलाफलाची भजी होते.

वाटणात कुटलेला मसाला, हिंग, सुंठ, तीळ, मीठ घालून हलक्या हाताने मिसळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. सोडा तळण्याच्या अगदी आधी घालावा. लिंबाएवढ्या, किंचित चपट्या गोळ्या कराव्यात. मोठी गोळी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. कच्चे कडधान्य पोटाला बाधते, म्हणून आकार लहानच हवा.

तेल मध्यम तापलेले, सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस असावे. मापक नसेल, तर वाटणाचा कण टाकून पाहावा. तो क्षणभर तळाशी जाऊन बुडबुड्यांसह वर आला, की तेल योग्य आहे. आधी एकच गोळी तळून पाहावी. सुटली, तर वाटणात बेसन घालावे. एका वेळी पाच-सहापेक्षा अधिक गोळ्या सोडू नयेत, नाहीतर तेल थंड होते आणि गोळी तेल पिते. तीन-चार मिनिटांत गडद बदामी रंग येतो. फोडून पाहिल्यास आत हिरवा रंग आणि जाळीदार पोत दिसावा. तेल कमी हवे असेल, तर आप्पेपात्रात दोन्ही बाजूंनी झाकण ठेवून भाजाव्यात. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना डाळीचे वाटण आणि आप्पेपात्र एवढ्यावर हे सहज जमते.

तिळाची चटणी आणि फुलक्याची खिशी

दह्याच्या सॉसने उभा केलेला प्रश्न फलाफलाच्या मूळ सोबत्यानेच सुटतो. अरब देशांत फलाफलाबरोबर ‘ताहिनी’ देतात, आणि ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ. त्यात गोरस नाही, त्यामुळे द्विदलाचा प्रश्न उद्भवत नाही. १०० ग्रॅम पांढरे तीळ मंद आचेवर रंग न बदलता भाजावेत, निवले की दोन-तीन मोठे चमचे तेल घालून मिक्सरमध्ये पातळ होईपर्यंत वाटावेत. त्यात एका लिंबाचा रस, मीठ, जिरेपूड आणि थोड्या तेलात फुलविलेला चिमूटभर हिंग घालावा. मग चमचा-चमचा पाणी घालीत घोटावे. सुरुवातीला चटणी घट्ट होऊन बिघडल्यासारखी वाटते. घाबरू नये. आणखी पाणी घालून घोटीत राहिले, की ती सैल, पांढरी आणि दह्यासारखी मऊ होते. ज्यांनी ही चव घेतली, त्यांना दह्याची आठवण फारशी येत नाही.

पिटा रोटीचा मोठेपणा तिच्या पोटातील खिशात आहे, आणि तो खिसा करण्याचे काम खमीर नव्हे, वाफ करते. तीव्र उष्णतेने रोटीतील पाण्याची वाफ होते आणि दोन पदर सुटे होतात. आपला फुलका नेमका असाच फुगतो. नेहमीपेक्षा थोडा जाड फुलका करावा, फुगवून घ्यावा, अर्धा कापावा आणि पदर हलक्या बोटांनी उघडावे. मर्यादेतील ताज्या पिठाचा, खमिराशिवायचा खिसा तयार. त्यात दोन-तीन गोळ्या, काकडी व टोमॅटोचे तुकडे आणि तिळाची चटणी घालावी. सलगमाच्या लोणच्याऐवजी काकडीच्या फोडी मीठ-लिंबात तासभर मुरवून त्याच दिवशी संपवाव्यात.

शरीराला काय मिळते

कोरड्या काबुली चण्यात १०० ग्रॅममागे साधारण १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. तंतू, फोलेट आणि लोह यांचाही तो चांगला स्रोत आहे. घरी तळलेल्या १०० ग्रॅम फलाफलात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, १८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ३३० किलोकॅलरी असतात. १७ ग्रॅमची एक लहान गोळी धरली, तर पाच गोळ्यांतून ११ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २८० किलोकॅलरी मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. त्यातील पाचवा हिस्सा या पाच गोळ्या देतात. पोळी-भाजी आणि मिठाई यांवर दिवस काढणाऱ्या आपल्या अनेक घरांत प्रथिनांचा वाटाच कमी पडतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कडधान्याच्या प्रथिनांत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असते. ते तिळात आणि गव्हात तुलनेने अधिक असते. चणा, तीळ आणि फुलका एकत्र आले, की एकाची उणीव दुसरा भरतो. चण्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, त्याला लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून चटणीतील लिंबू वगळू नये. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हे शोषण कमी करतो, तो तासभर पुढे ढकलावा.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, हा तळलेला पदार्थ आहे. मधुमेह, वजन किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी आप्पेपात्रातील गोळ्या घ्याव्यात आणि तिळाच्या चटणीतही तेल असते हे विसरू नये. ज्यांना तिळाची ॲलर्जी आहे, त्यांनी तीळ पूर्ण टाळावेत. दुसरी, चणे किंवा तीळ कितीही खाल्ले तरी त्यातून ‘ब-१२’ जीवनसत्त्व मिळत नाही. ते आपल्या आहारात मुख्यतः दूध-दह्यातूनच येते. सतत थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा जाणवत असेल, तर रक्ताची तपासणी करून वैद्यांचा सल्ला घ्यावा.

केव्हा करावे

ज्या श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत भाजीपाला आणि तीळ वर्ज्य असतात, त्यांच्यासाठी हा कार्तिक ते फाल्गुन या चार महिन्यांचा पदार्थ आहे. विदर्भात सांबार याच थंडीत कोवळा, सुगंधी आणि स्वस्त मिळतो. पर्युषण, दशलक्षण, अष्टमी-चतुर्दशी या दिवशी हिरव्याचा त्याग असणाऱ्यांनी त्या तिथींना तो करू नये. इतर काळात हिरव्या पाल्याशिवाय हरभऱ्याच्या डाळीची, धने-जिरे-मिरे वाढवून केलेली गोळी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर देता येते. परंपरेनुसार आणि गुरुभगवंतांकडून घेतलेल्या नियमांनुसार घराघरांत फरक असतो. आपल्या घरी जे पाळले जाते, ते प्रमाण मानावे.

दुकान सांभाळणाऱ्यांसाठी हा पदार्थ विशेष सोयीचा आहे. थंडीत आपल्याकडे सूर्य साडेपाच ते सहाच्या सुमारास मावळतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी त्याच वेळी वाढते. अनेक घरांतून सायंकाळचा डबा दिवस असतानाच दुकानावर जातो. सात वाजता भिजविलेले चणे एक वाजता वाटले, तीन वाजता तळले, तर साडेचारला डबा निघू शकतो. फलाफल सांडत नाही, एका हाताने खाता येते आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात संपते. गोळ्या पूर्ण निवल्यावरच डबा बंद करावा, नाहीतर वाफेने त्या मऊ पडतात. चटणी वेगळ्या डबीत द्यावी. वाटण तेवढेच करावे, जेवढे त्या दिवशी संपेल. उरवून दुसऱ्या दिवशी तळण्याचा मोह धरू नये.

या थंडीत एखाद्या रविवारी मुले-सुना-नातवंडे घरी असतील तेव्हा हा बेत करावा. चणे निवडण्याचे काम मुलांना द्यावे आणि छिद्राचा दाणा बाजूला का काढायचा, दही का नको, दिवस असतानाच का तळायचे, हे त्यांनी विचारले तर सविस्तर सांगावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर ते साधू-साध्वीजींना किंवा घरातील वडीलधाऱ्यांना मुलांसमोरच विचारावे.

पुढे कधी ती मुले उपाहारगृहात बसून मेनूकार्ड उघडतील, तेव्हा ‘जैन’ शब्दावर न थांबता वाढणाऱ्याला विचारतील, की सॉस कशाचा आहे आणि तेल कोणते आहे. उत्तर समाधानाचे नसेल, तर घरी करून खाण्याची कृती त्यांच्या हाती असेलच.

जय जिनेंद्र.